सोफा ३८,५०० चा, तिकीट १० रुपयांचं: माहिती अधिकाराचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ज्यांना एवढं मोठं वाचायचं नाही ते सुटतील. फर्निचरचं दुकान अर्धा स्टार, तोही चहा चांगला होता म्हणून. पोलीस स्टेशनमधले हवालदार चार स्टार, आणि हे मी स्वतः लिहीन असं मला दीड वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तिथलाच माहिती अधिकाराचा टेबल दोन स्टार. आणि माहितीचा अधिकार ही जी काय दहा रुपयांची सर्व्हिस आहे तिला साडेतीन. दुकानाचं नाव, स्टेशनचं नाव काही सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका, प्रकरण मिटलंय आणि मला परत नोटिसा नकोत.

तर २०२४ चा दसरा, १२ ऑक्टोबर. (हाच माहिती अधिकाराचा वाढदिवस, २००५ साली याच तारखेला कायदा लागू झाला, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.) मुहूर्ताची खरेदी म्हणून आम्ही सोफा कम बेड बुक केला, ३८,५०० रुपये, सेल्समनने व्हॉट्सअपवर फोटोखाली लिहून पाठवलं 'फुल सागवान फ्रेम सर, लाइफटाइम टेन्शन नाही'. बिलावर मात्र नुसतं 'सोफा कम बेड १ नग' आणि खाली ते जगप्रसिद्ध वाक्य, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बायको म्हणाली बिलावर सागवान लिहून घ्या, मी म्हणलं अगं व्हॉट्सअप आहे ना. हे वाक्य घरात अजून निघतं, महिन्यातून एकदा तरी.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, साताऱ्याहून आत्या आली. आत्या म्हणजे पंचावन्न किलो, गणपतीच्या आरतीलासुद्धा टाळ हळू वाजवते अशी बाई. ती बाबांना ओवाळून सोफ्यावर टेकली आणि खालून कडाक् आवाज झाला आणि आत्या एका बाजूने खाली, ताटातला करंज्यांचा ढीग दुसऱ्या बाजूने खाली. लागलं नाही देवाच्या दयेने, पण ती अजून म्हणते की तुमच्या घरी मी सतरंजीवरच बसते बाई. रात्री मी सोफा उलटा करून खालचं कापड काढलं तर आत सागवान सोडा, साधं लाकूडसुद्धा दोनच पट्ट्या, बाकी पार्टिकल बोर्ड आणि स्टेपलरच्या पिना. फोटो काढले, व्हिडिओ काढला.

दुकानात आधी फोन, मग मेसेज, मग बघतो, मग मालक गावाला, मग कारागीर दिवाळीच्या सुट्टीवर. १६ नोव्हेंबरला शनिवारी मी आणि बाबा प्रत्यक्ष गेलो. चहा आला. मग मालक म्हणाले तुम्ही वजन जास्त टाकलं असेल, मी आत्याचं वजन सांगितलं, ते म्हणाले मग चुकीच्या ठिकाणी टाकलं असेल. इथे माझा आवाज चढला हे कबूल. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, मी मोबाइलवर तुटलेल्या फ्रेमचा व्हिडिओ लावून त्यांना दाखवायला लागलो, आणि मालकांनी सरळ ११२ लावला. म्हणजे बघा, आपल्याला वाटतं पोलीस गिऱ्हाईक बोलवतं. इथे दुकानदारानेच बोलावले, की एक इसम दुकानात येऊन गोंधळ घालतोय, गिऱ्हाइकांना अडवतोय. इसम म्हणजे मी, सोबत बहात्तर वर्षांचे बाबा आणि त्यांची कापडी पिशवी.

दहा-बारा मिनिटांत बाइकवर दोन मार्शल आले. अरेरावी वगैरे काही नाही, हे आधी सांगतो कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. दोघांचं ऐकलं आणि म्हणाले स्टेशनला चला, साहेबांपुढे बोला. २० तारखेला विधानसभेचं मतदान, अर्धं स्टेशन बंदोबस्ताच्या धावपळीत, आम्ही तासभर बाकावर. मग एक हवालदार आले, त्यांनी बिल बघितलं, व्हॉट्सअप बघितलं, दुकानदाराला विचारलं सागवान आहे का हो, तो म्हणाला सागवान फिनिश आहे, हवालदार हसले. मग म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे साहेब, आम्ही पैसे काढून देऊ शकत नाही, ग्राहक आयोगात जा, आणि तुम्ही शेठ, उगाच ११२ फिरवायचा नाही. मग एका कागदावर त्यांनीच काहीतरी लिहिलं, मला म्हणाले सही करा, मी केली. वाचलं का? नाही वाचलं. बाबांना शुगर आहे, साडेसात वाजलेले, मला घरी जायचं होतं. शेठने तेवढ्यात मोबाइलने त्या कागदाचा फोटो काढला हे मी बघितलं पण डोक्यात काही आलं नाही. माझ्याकडे प्रत नाही, फोटो नाही, काहीच नाही.

महिनाअखेरीला मी रजिस्टर एडीने नोटीस पाठवली. तेव्हा रजिस्टर पोस्ट होतं, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालंय, आता काउंटरवर रजिस्टर मागितलं की स्पीड पोस्टच घ्यावं लागतं. नोटिशीत साधं होतं, सागवान सांगून भुसा विकला, पैसे परत द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), सदोष माल परत न घेणं आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. त्यामुळे त्या जगप्रसिद्ध वाक्याचा सदोष मालाच्या बाबतीत उपयोग शून्य, पाटी कितीही मोठी लावा.

उत्तर वकिलाच्या लेटरहेडवर आलं आणि वाचून मी खुर्चीत बसलो (सोफ्यावर नाही). 'आमचे अशील व तुम्ही यांच्यातील वाद पोलीस स्टेशन येथे अधिकाऱ्यांच्या समक्ष आपसात मिटलेला असून तुम्ही स्वतःच्या सहीने काही एक तक्रार नसल्याचे लिहून दिलेले आहे.' सोबत त्या कागदाच्या फोटोची प्रिंट. त्यात वरच्या दोन ओळी दिसतात, 'माझी काही एक तक्रार नाही' एवढं स्पष्ट दिसतं आणि कोपऱ्यात माझ्या सहीचा शेपटा. बाकी फोटो कापलेला.

मला तेव्हा शंभर टक्के वाटलं की हवालदार आणि शेठ मिळालेले आहेत. सरळ सांगतो, मी माहिती अधिकार टाकला तो पोलिसांची जिरवायला.

पहिला अर्ज मी स्वतः लिहिला, तीन पानी. कोणत्या अधिकाराने मला स्टेशनला नेलं, का नेलं, दुकानदाराला का झुकतं माप दिलं, ज्येष्ठ नागरिकाला तासभर का बसवलं, संबंधितांवर काय कारवाई करणार. लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू. उत्तर तीन आठवड्यांनी, दोन ओळींचं: अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असून कलम २(च) नुसार माहितीच्या व्याख्येत बसत नाही, तसेच अर्ज १५० शब्दांपेक्षा जास्त आहे. मी चिडलो, पण आता कळतं की त्यांचं फार चुकलं नव्हतं. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून १५० शब्द आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. आणि 'का' विचारलं की उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा निकाल आहे, माहिती म्हणजे जे रेकॉर्डवर आहे ते, अधिकाऱ्याने बसून कारणमीमांसा लिहून द्यायची असं नाही.

मग आमच्या सोसायटीतले एक काका. झेडपीतून रिटायर, आयुष्य बारनिशीत (म्हणजे आवक-जावक टेबलावर) आणि फायलींत गेलेलं, माणूस तसा तिरसट, पार्किंगवरून माझं त्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. बायकोने बोलणं करवलं. त्यांनी माझा तीन पानी अर्ज चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि म्हणाले, 'अरे हे प्रेमपत्र आहे का? सरकारला प्रश्न नाही विचारायचा, सरकारकडे कागद मागायचा. तिथे कोणता कागद तयार झाला असेल याचा आधी विचार कर.' मग दोघांनी बसून विचार केला. ११२ ला कॉल गेला म्हणजे त्याची नोंद असणार, कॉल किती वाजता, गाडी किती वाजता पोचली, बंद करताना शेरा काय मारला. स्टेशनला आणलं म्हणजे स्टेशन डायरीत एंट्री असणार, निदान असायला पाहिजे. दुकानदाराने लेखी काही दिलं असेल तर तो अर्ज. आणि मुख्य म्हणजे माझ्या सहीचा तो कागद, जो मी दिला त्याची प्रत मीच मागायची.

दुसरा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात, तारीख, वेळ 'सायंकाळी ५ ते ८', आणि वरच्या चार गोष्टींच्या साक्षांकित प्रती. बस. १५० शब्दांत आरामात बसलं, उलट शब्द उरले. का हवंय ते लिहिलं नाही, कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरजच नाही, काकांनी तर दम दिला की 'माझ्यावर अन्याय झाला' हे शब्द दिसले तर मी पार्किंगचं परत काढीन. मी पाचवं टाकलं, की या दुकानातून वर्षभरात ११२ ला किती कॉल गेले, कारण मला वाटत होतं की शेठची ही सवयच असणार. काका म्हणाले टाक, पण मिळणार नाही. नाहीच मिळालं, 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. आणि सीसीटीव्ही. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा निकाल आहे, पोलीस स्टेशनांत कॅमेरे पाहिजेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, ते जमत नसेल तिथेही एक वर्षाच्या खाली नाही. मागितलं, इतर लोकांची प्रायव्हसी म्हणून नाकारलं, त्यासाठी मी भांडलो नाही. ज्यांच्या प्रकरणात मारहाण, शिवीगाळ आहे त्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात मागा आणि फुटेज जपून ठेवा असं वेगळं पत्र द्या, कागद कपाटात राहतो, फुटेजवर नवीन फुटेज चढतं.

पैशांचं सांगतो, कारण 'किती घेतात' हा पहिला प्रश्न असतो. अर्जाला १० रुपये, कोर्ट फी तिकीट चिकटवलं की झालं, शिवाजीनगर कोर्टाबाहेर मिळतं. ऑनलाइनही करता येतं, राज्य सरकारचं पोर्टल आहे, मी हातानेच दिला कारण काकांचा बारनिशीच्या शिक्क्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. पोच घ्या, शिक्का, तारीख, आवक नंबर. त्या पोचेवरून ३० दिवस मोजायचे. आणि पत्ता नीट बघा, पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, हिंजवडी-वाकडच्या दुकानातलं भांडण पुणे शहरच्या नावाने टाकून बसू नका. चुकलंच तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य जागी पाठवायची जबाबदारी त्यांची असते, पण त्यात आठवडे जातात ते आपलेच.

मधेच एक गंमत. एक दिवस शेठचा फोन. 'अहो साहेब, हे काय नवीन काढलंत, मला पोलिसांचं पत्र आलंय, तुमचा अर्ज देऊ का नको विचारतायत.' मला आधी भीती वाटली की अर्ज फोडला यांनी. काका म्हणाले फोडला नाही, कलम ११. तिऱ्हाइताने गोपनीय म्हणून दिलेला कागद मागितला तर त्याला कळवून म्हणणं मागवतात, पाच दिवसांत पत्र, त्याला दहा दिवस. त्याने नको म्हणलं म्हणून माहिती आपोआप बंद होत नाही, निर्णय अधिकाऱ्याचाच. पण हे लक्षात ठेवा, समोरच्याला कळणार. ज्यांना दुकानदाराची किंवा त्याच्या माणसांची भीती आहे त्यांनी फक्त स्वतःच्या सहीचा कागद आणि डायरी मागावी, दुकानदाराचा अर्ज सोडून द्यावा. मी शेठला म्हणलं, 'द्या म्हणा की, आपसात मिटलंय ना आपलं?' फोन कट.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर. 'मागितलेली माहिती कलम ८(१)(ज) अन्वये देता येत नाही.' इथे एक छोटा घोळ समजून घ्या नाहीतर वकिलाशी बोलताना गोंधळाल. मराठी कायद्यात 'ज' म्हणजे इंग्रजीतला एच, तपासात अडथळा येईल अशी माहिती. आणि इंग्रजीतला जे म्हणजे मराठीत 'ञ', खाजगी माहिती. मी तीन दिवस 'जे' वाचत बसलो होतो आणि मला काही कळत नव्हतं की माझाच कागद माझ्यापासून खाजगी कसा.

पण तपास कसला? गुन्हा दाखल नाही, एनसी नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र, शिवीगाळ-दमदाटीच्या किरकोळ तक्रारी ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपासच करू शकत नाहीत, पूर्वी सीआरपीसीचं १५५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७४. आमचं तर तेही नव्हतं. आणि तपास चालू असला तरी नुसतं 'तपास चालू आहे' म्हणून नकार देता येत नाही, कागद दिल्याने तपासाला अडथळा कसा होईल ते सांगावं लागतं, दिल्ली हायकोर्टाचा २००७ चा निकाल आहे, भगतसिंग नावाच्या अर्जदाराचा. काका म्हणाले, 'नाव बघ, त्या नावाच्या माणसाला नाही म्हणायची कोणाची हिंमत.' काकांचे विनोद हे असे.

पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं तिकीट. अपीलही त्याच खात्यातल्या वरिष्ठांपुढे असतं, त्यामुळे मी फार आशा ठेवली नव्हती. सुनावणीचं पत्र आलं, मी हाफ डे टाकला, काका स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घालून सोबत. पाच मिनिटांत संपलं. साहेबांनी फाइल उघडली, स्टेशनमधून आलेल्या माणसाला विचारलं, 'गुन्हा दाखल आहे?' 'नाही सर.' 'एनसी?' 'नाही सर.' 'चौकशी अर्ज पेंडिंग?' 'नाही सर.' 'मग तपास कसला चाललाय?' तो बिचारा गप्प. माझ्याकडे बघून म्हणाले, पंधरा दिवसांत मिळेल. मी घरून भाषण पाठ करून गेलो होतो, दिल्ली हायकोर्ट, भगतसिंग, सगळं, ते तसंच खिशात परत आलं. काकांना तर फारच चुकल्यासारखं झालं, त्यांनी बाहेर येऊन मला दोन वडापाव घ्यायला लावले.

बाराव्या दिवशी पत्र, चार पानं, दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये भरून प्रती न्याव्यात. काका म्हणे मुदत उलटली की कलम ७(६) ने फुकट मिळते, आपण लढू. मी म्हणलं काका, आठ रुपयांसाठी मी दुसरं अपील करणार नाही. गेलो, पेट्रोल आणि पार्किंग धरून शंभर एक रुपये झाले असतील. क्लार्क म्हणाल्या सुट्टे नाहीत, दहा द्या. दहा दिले, पावती आठचीच घेतली. त्या म्हणाल्या दोन रुपये नंतर या न्यायला. पुण्यात आहे मी, जाणार आहे.

गाडीच्या सीटवर बसूनच वाचलं. पहिलं पान ११२ ची नोंद, कॉल १७:२२, पोचले १७:३४, कॉलरचं म्हणणं 'ग्राहक पैशांवरून वाद घालत आहे'. गोंधळ नाही, अडवणूक नाही, पैशांवरून वाद. म्हणजे शेठने फोनवर खरं सांगितलं होतं आणि आमच्या तोंडावर वेगळं. दुसरं पान शेठचा अर्ज, त्यात मी 'अंगावर धावून आलो' असं, चला ठीक आहे. तिसरं स्टेशन डायरी, निळ्या शाईत, इतकं सुवाच्य की माझ्या मुलाला दाखवलं हस्ताक्षर कसं असतं ते. 'सदरचा वाद हा खरेदी-विक्रीच्या व्यवहारातील असून दखलपात्र अथवा अदखलपात्र अपराध दिसून येत नाही. दोन्ही बाजूंना शांतता राखण्याबाबत समज दिली व खरेदीदार यांस ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याबाबत सांगितले.'

आणि चौथं, माझा कागद. पूर्ण. वरच्या दोन ओळी त्याच, पोलिसांकडे माझी काही एक तक्रार नाही. त्याच्या खाली, जिथे शेठचा फोटो कापलेला होता तिथे: 'सदर सोफ्याचे पैशांबाबत वाद मिटलेला नसून मी ग्राहक आयोगात दाद मागणार आहे.' ज्या माणसाला मी चार महिने मनातल्या मनात विकला गेलेला म्हणत होतो, त्या हवालदारांनी मतदानाच्या चार दिवस आधी, त्या गडबडीत, मी न मागता, माझ्या बाजूचं वाक्य लिहून ठेवलं होतं. आणि मी ते न वाचता सही केली होती.

त्यामुळे टेबलाला दोन स्टार का ते कळलं असेल. ज्याने लिहिलं त्याचं काम चोख, आणि ते कपाटातून काढून द्यायला ज्याला सांगितलं त्याने न बघता 'ज' मारला. कागद बाहेर आला असता तर स्टेशनचीच लाज राखली गेली असती, पण सवय.

पुढचं पटकन सांगतो. ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर टाकली, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं असते. शेठच्या वकिलांनी तोच कापलेला फोटो लावला. मी साक्षांकित प्रत लावली, शिक्क्यासकट. नुसता मोबाइलचा फोटो असता तर तुझा खरा का माझा खरा यात दोन तारखा गेल्या असत्या. पुढच्या तारखेला वकील बाहेर व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले साहेब कशाला वाढवायचं, मिटवून टाकू. ३८,५०० पूर्ण परत, आठवड्यात खात्यावर आले. मानसिक त्रासाचे मागितले होते ते सोडले, बायकोला पटलेलं नाही.

आता साडेतीनच का, पाच का नाही. एक तर वेळ, नोटिशीच्या उत्तरापासून कागद हातात यायला साडेचार महिने गेले आणि मला नशिबाने पहिल्या अपिलातच मिळालं, नाहीतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील आणि मग वाट बघा. कायद्यात दंड आहे, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, पण तो आयोगाने लावायचा, पहिल्या अपिलात नाही, त्यामुळे टेबलावर बसलेल्याला 'ज' मारायला काही पडत नाही. दुसरं, नोव्हेंबर २०२५ पासून 'ञ' बदललंय, डेटा प्रोटेक्शन कायद्याने. पूर्वी खाजगी माहितीतही जनहित किंवा सार्वजनिक कामाशी संबंध बघायची अट त्या कलमातच होती, आता नुसतं वैयक्तिक माहिती एवढंच उरलंय, कलम ८(२) चं जनहित आहे पण ते तुम्ही मांडायचं. मला शेठचा अर्ज नावासकट मिळाला, आज टाकणाऱ्याला काळ्या पट्ट्या मारून मिळाला किंवा मिळालाच नाही तर नवल वाटणार नाही. स्वतःच्या सहीचा कागद मागा, त्याला अजून तरी कोणी वैयक्तिक म्हणून तुम्हालाच नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणलं तर अपिलात पाच मिनिटं.

आणि ज्यांना वाटतं की दुकानदाराने पैसे अडकवले म्हणून पोलिसांवर आरटीआय टाकला की पैसे येतील, त्यांनी टाकू नका, उगाच दहा रुपये. तिथे पोलीस आले होते, काही लिहिलं गेलं होतं, आणि त्या लिहिलेल्याबद्दल समोरचा आता वेगळं बोलतोय, असं असेल तरच टाका. खरं तर सही करतानाच मोबाइलने पूर्ण कागदाचा फोटो काढला असता तर हा रिव्ह्यूच नसता. शेठला जे सुचलं ते मला सुचलं नाही.

सोफा अजून हॉलमध्ये आहे. मिटवताना ठरलं होतं की दुकान टेम्पो पाठवून घेऊन जाईल. तीनदा फोन केला, टेम्पोवाला गावाला गेलाय. काका म्हणाले लेखी पत्र दे आणि पोच घे.